पहिली आठ दृश्यं का चुकली: सांगलीतल्या एका व्हिडिओ-चाचणीचं प्रकरण

कुस्तीचं मैदान थेट दाखवत होतो, त्या संध्याकाळी पहिला फोन तासगावकडून आला. "ओ ताई, पैलवान कुठला न् माती कुठली, कायच कळंना झालंय. नुसता तांबडा चिखल दिसतोय." पुढचा अर्धा तास असेच फोन येत राहिले. प्रक्षेपण बंद पडलं नव्हतं, आवाज खणखणीत होता, कुठं अडकतही नव्हतं. जोड हातात हात घालून फिरत असेपर्यंत चित्र ठीक असायचं. एकानं दुसऱ्याला उचललं, की त्याच क्षणी चित्राचे चौकोन व्हायचे, आणि कुस्ती बघणारा माणूस तर त्या एका क्षणासाठीच बसलेला असतो.

मला याचा धक्का जास्त बसला, कारण ज्या सेटिंगवर आम्ही ते मैदान दाखवत होतो, त्याच सेटिंगची चाचणी दोनच महिन्यांपूर्वी 24 माणसं बसवून घेतली होती. खोली नीट होती, पडदे लावले होते, डोळे तपासून माणसं घेतली होती. सगळ्यांनी त्या सेटिंगला चांगले गुण दिले होते. माणसं खोटं बोलली नव्हती आणि आकडेमोडही बरोबर होती. चूक त्याच्या आधीच, मी एका दुपारी हार्डडिस्क उघडून आठ क्लिपा निवडल्या तिथंच झाली होती. ती दुपार आणि तिच्यानंतरची दुरुस्ती इथं लिहून ठेवते आहे, म्हणजे अशी चाचणी घ्यायला निघालेल्या दुसऱ्या कुणाला दोन महिने वाया घालवावे लागू नयेत.

आधी थोडं कामाबद्दल

आमचा गट लहान आहे. सांगली-मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतली कुस्ती मैदानं, नाटकं, कृषी प्रदर्शनं, कीर्तनं आम्ही थेट दाखवतो. बघणारे जवळजवळ सगळे मोबाईलवर. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं आणि शिराळ्याच्या डोंगरकपारीत नेटवर्क जेमतेम, त्यामुळं बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, जरा जरी वर गेला तरी चित्र गोल फिरत बसतं. म्हणून प्रश्न साधा होता: बघणाऱ्याला न खटकता बिटरेट किती खाली आणता येईल?

मूळ आणि दाबलेलं चित्र संगणकावर ताडून याचं उत्तर देणारी मोजमापं आहेत. पीएसएनआर आहे, व्हीमॅफ आहे. पण हे मोजमाप विश्वासाचं की नाही, तेसुद्धा शेवटी माणसांनी दिलेल्या गुणांशी ताडूनच ठरतं. म्हणून आम्ही थेट माणसांनाच विचारायचं ठरवलं. त्याची रीत ठरलेली आहे. टीव्हीच्या चित्रासाठी आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, बीटी.500 ही शिफारस 1974 पासून आहे, मल्टिमीडियासाठी पी.910 ही 1996 पासून, आणि मोबाईल किंवा प्रयोगशाळेबाहेरच्या जागेसाठी 2014 साली पी.913 आली. आम्ही घेतली ती सगळ्यांत सोपी पद्धत, एसीआर: सुमारे दहा सेकंदांची क्लिप एकदाच दाखवायची, आणि बघणाऱ्यानं पाचपैकी गुण द्यायचे. त्यात न सांगता मूळ, न दाबलेली क्लिपही मिसळायची. म्हणजे मूळच किती गुणांचं आहे ते कळतं.

जाता जाता गुणांच्या शब्दांबद्दल. पहिल्या वेळी आम्ही तिसऱ्या पायरीला 'बरं' असा शब्द छापला होता. आमच्याकडं "बरं हाय की" म्हणजे चांगली तारीफ असते. 'बरं' वाचून माणसं खुशाल तिथं खूण करत होती. आता तिथं 'मध्यम' आहे.

ती दुपार

आठ क्लिपा निवडल्या त्या अशा. 1929 च्या आयर्विन पुलावरून टिपलेला सूर्यास्त. गणपती मंदिराचं प्रांगण. मिरजेतला सतार करणारा कारागीर भोपळ्यावर नक्षी करताना. द्राक्षबागेवरून फिरणारा ड्रोन. एका कृषितज्ज्ञांची मुलाखत. हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम. एका मिरवणुकीचा तुकडा, जो कुणीतरी पाठवला होता. आणि ऑगस्ट 2019 च्या महापुरातलं एक दृश्य.

वाचताना यादी भरगच्च वाटते. नदी आहे, माणूस आहे, गर्दी आहे, पाणी आहे. मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण या आठांतली सहा मी निवडली ती ती देखणी होती म्हणून. आणि देखणं दृश्य म्हणजे काय? कॅमेरा तिपाईवर किंवा अलगद सरकणारा, उजेड मऊ, मागची बाजू धूसर, हालचाल संथ. एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेला, याहून सोपं काम दुसरं नाही. एका फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधणं हाच त्याचा धंदा, आणि सूर्यास्तात पुढची फ्रेम मागच्यासारखीच असते. बिटरेट निम्म्यावर आणला तरी आयर्विन पुलावरचा सूर्य तसाच मावळतो.

मग बघणाऱ्यांचे गुण चार आणि पाचातच घोटाळले तर नवल काय? आमच्या सगळ्यांत खालच्या सेटिंगनंही बऱ्याच दृश्यांत चार मिळवले. आम्ही खूश झालो आणि तीच सेटिंग मैदानावर लावली.

"गणपतीला तीन कसे देऊ?"

मैदानानंतर मी उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या आणि एकेका माणसाचे गुण वेगळे करून बसले. एका आजींनी मंदिराच्या क्लिपला सातही वेळा (सहा दर्जे आणि एक मूळ) पाच दिले होते. मूळ क्लिपलाही पाच, आणि पायऱ्यांच्या कडा विरघळून गेलेल्या सगळ्यांत खालच्या दर्जालाही पाच. बाकी दृश्यांत त्यांचे गुण मात्र नीट खाली-वर होत होते. म्हणजे नजर चांगली होती, काम कळलं होतं. फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, दिसत होतं की खराब. पण गणपतीला तीन कसे देऊ?"

मी त्यांना काही समजवायला गेले नाही. चूक त्यांची नव्हतीच. गुण चित्राच्या दर्जाला द्यायचे, चित्रातल्या गोष्टीला नाही, असं आपण सूचनेत कितीही सांगितलं तरी माणसाचं मन असं दोन कप्प्यांत वाटलेलं नसतं. आवडीची गोष्ट दिसली की गुण वर सरकतात, नावडती दिसली की खाली. कुठं देव, कुठं पुढारी, कुठं गावचाच पैलवान. हे लोकांना सांगून टळत नाही, दृश्य निवडतानाच टाळावं लागतं.

महापुराची क्लिप मी निवडली होती ती तांत्रिक कारणासाठी. आठांत खरं अवघड तेवढं तेच दृश्य होतं. गढूळ पाणी, त्याच्यावर पावसाचे टपोरे थेंब, मधून जाणारी नाव, पाण्यात वर राहिलेली दुकानांची पाटी. पाण्याच्या पृष्ठभागाचा कुठलाच तुकडा पुढच्या फ्रेममध्ये तसा राहत नाही, त्यामुळं एन्कोडरला प्रत्येक वेळी नव्यानं लिहावं लागतं. कागदावर ही क्लिप आदर्श होती.

एका बाईंनी त्या क्लिपनंतर पेन्सिल खाली ठेवली. पुढच्या चार क्लिपांचे रकाने रिकामे आहेत. मी तेव्हा खोलीत होते आणि मला वाटलं, कंटाळल्या असतील. नंतर कळलं की पाटीच्या मागची गल्ली त्यांची होती. त्यांनी मला काहीही म्हटलं नाही. पाणी प्यायल्या, आणि पाण्यात बुडालेली ती गल्ली एकूण सात वेळा बघून चाचणी पुरी केली.

हा प्रसंग मी विसरणार नाही. सांगलीत बसून सांगलीच्या माणसांना पुराचं दृश्य दर्जा ठरवायला दाखवणं हे मला निवडतानाच सुचायला हवं होतं. दूरच्या गावातल्या प्रेक्षकाला ते नुसतं पाणी वाटलं असतं. सोर्स क्लिप, म्हणजे चाचणीसाठी घेतलेलं मूळ दृश्य, चांगली की वाईट हे एकट्या क्लिपवरून ठरत नाही. ती कुणापुढं लावणार आहात तेही त्यात धरावं लागतं. ती क्लिप मी संचातून काढली, आणि पुन्हा कुठल्याही चाचणीत वापरली जाणार नाही अशा ठिकाणी ठेवली.

मूळ म्हणून जे घेतलं ते मूळ नव्हतंच

मिरवणुकीची क्लिप व्हॉट्सॲपवरून आली होती. म्हणजे फोननं टिपताना एकदा दाबलेली आणि पाठवताना दुसऱ्यांदा दाबलेली. मुलाखतीची क्लिप आम्ही आमच्याच जुन्या ऑनलाइन प्रक्षेपणातून उतरवून घेतली होती, कारण मूळ फाईल सापडत नव्हती. ही दोन्ही दृश्यं मी 'मूळ' म्हणून लावली.

न सांगता मिसळलेल्या मूळ क्लिपांचे गुण वेगळे काढल्यावर प्रकार लक्षात आला. मिरवणुकीच्या 'मूळ' क्लिपला लोकांनी जवळपास तेवढेच गुण दिले होते जेवढे तिच्या खालच्या दर्जांना. आधीच फुटलेलं चित्र आणखी थोडं फोडलं तर फरक कुणाला दिसणार? त्या दृश्यावरून आमच्या सेटिंगबद्दल काही कळणं शक्यच नव्हतं. वरून बघितलं तर मात्र "सगळे दर्जे सारखेच, म्हणजे कमी बिटरेट चालतो" असा निष्कर्ष निघत होता, आणि तो आम्ही काढलाही.

आता नियम केला आहे: मूळ क्लिपची स्वतःची सरासरी चारच्या खाली गेली तर ते दृश्य हिशेबातून बाद. आणि चाचणीला माणसं बसवण्याआधी आम्ही दोघं-तिघं मोठ्या पडद्यावर, जवळ बसून, प्रत्येक सोर्स सावकाश बघतो. गडद भागात चौकोन आहेत का, कडांना दुहेरी रेघ आहे का, हलणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीचे दात दिसतात का. हे दात आमच्या जुन्या टेपांत हमखास सापडतात, कारण त्या इंटरलेस्ड आहेत, म्हणजे फ्रेमच्या एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. त्यांवर प्रेम कितीही असलं तरी त्या सोर्स म्हणून घेत नाही.

आकडे काय सांगतात आणि काय लपवतात

दृश्य किती अवघड हे मोजायला पी.910 मध्ये दोन आकडे दिले आहेत. एक एसआय: प्रत्येक फ्रेमच्या उजेडाच्या भागावर सोबेल फिल्टर लावून कडा उठवायच्या, त्या किती विखुरल्या आहेत त्याचं मानक विचलन काढायचं, आणि सगळ्या फ्रेममधलं मोठ्यात मोठं मूल्य घ्यायचं. यातून चित्रात बारकावा किती ते कळतं. दुसरा टीआय: एका फ्रेममधून आधीची फ्रेम वजा करायची आणि त्या फरकाचं तसंच मानक विचलन. यातून हालचाल किती ते कळतं. आडव्या अक्षावर एक, उभ्यावर दुसरा, आणि प्रत्येक दृश्य म्हणजे एक ठिपका.

आमच्या जुन्या आठ दृश्यांचे ठिपके मांडले तर पाच एकाच कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून. द्राक्षबाग एसआयच्या अक्षावर पुढं. महापूर दूर. आणि मिरवणुकीचा ठिपका टीआयच्या अक्षावर पार वरती, म्हणजे "हे अवघड दृश्य" असं समाधान करून घ्यायला पुरेसा. नंतर बघितलं तर त्या क्लिपमध्ये मध्येच एक कट होता. कटच्या जागी दोन फ्रेमचा काही संबंध नसतो, फरक प्रचंड येतो, आणि टीआय मोठ्यात मोठं मूल्य घेत असल्यानं तो एक कट पूर्ण क्लिपचा आकडा ठरवून टाकतो. त्यामुळं आता मी नुसता आकडा घेत नाही, वेळेनुसार आलेख काढून डोळ्यांनी बघते.

या दोन आकड्यांपेक्षा मला आता जास्त भरवशाचा वाटतो तो वेगळाच उपाय. सगळी उमेदवार दृश्यं एकाच क्यूपीवर, म्हणजे दर्जा स्थिर ठेवून, एन्कोड करायची आणि फाईल किती मोठी होते ते बघायचं. एन्कोडरला काय जड जातं हे एन्कोडरलाच विचारलेलं बरं. द्राक्षबागेवरचा ड्रोन तिथंच उघडा पडला. पानं भरपूर, त्यामुळं एसआय मोठा, पण कॅमेरा एकाच वेगानं सरळ जात होता. एन्कोडरनं एक दिशा पकडली आणि काम भागलं.

पण हेही पुरेसं नाही. बिट जास्त खाणारं दृश्य आणि डोळ्याला लवकर खटकणारं दृश्य ही दोन वेगळी असतात. गर्दीचं दृश्य बिट खातं, पण त्या दाटीत चौकोन लपूनही जातात. उलट अंधारातून हळूहळू उजळणारा रंगमंच घ्या. एसआय कमी, टीआय कमी, फाईल लहान. आकड्यांनी तो सोप्या कोपऱ्यात बसवलेला. आणि मागच्या पडद्यावरचा निळा उजेड मात्र बिटरेट जरा खाली आला की पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, जणू कुणी पट्ट्या ओढल्या आहेत. सांगली ही नाट्यपंढरी, इथंच 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, आणि आमच्या थेट प्रक्षेपणांत नाटकं मोठ्या संख्येनं असतात. तरी पहिल्या आठांत रंगमंचाचं एकही दृश्य नव्हतं! आकडे बघून निवडलं असतं तरी ते सुटलं असतं.

दुसऱ्यांदा निवडताना

या वेळी हार्डडिस्क उघडलीच नाही. आधी गेल्या वर्षभरात आम्ही काय काय दाखवलं याची यादी केली. मग प्रत्येक प्रकारात चित्र कुठं फुटतं ते तक्रारींच्या नोंदीतून काढलं. आणि त्या त्या जागा नव्यानं टिपायचं ठरवलं.

टिपताना आमच्या कॅमेरावाल्या दादांनी जी काळजी घेतली तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. चित्र 4के मध्ये, बाहेरच्या रेकॉर्डरवर, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये घेतलं, आणि नंतर 1080 वर आणलं. चार पिक्सेलांचा एक झाला की कॅमेऱ्याचा उरलासुरला दाणाही, म्हणजे चित्रातली बारीक खरखर, दबतो. फ्रेम सेकंदाला 50, कारण आपली वीज 50 हर्ट्झची. मैदानाच्या दिव्यांखाली फोन 30 फ्रेमवर ठेवून चित्र घेतलं की पडद्यावर उजेडाचे पट्टे सरकतात, हे दादांना अनुभवानं माहीत होतं. शिवाय फोनची फ्रेमगती स्थिरही राहत नाही, आणि तो स्वतःच कडा धारदार करतो, दाणा पुसतो. दिसायला छान, पण सोर्स म्हणून नको.

कुस्तीचं दृश्य मिळवायला तीन सकाळी तालमीत गेलो. हौद्याची लाल माती, तीच माती अंगाला चोपडलेले दोन पैलवान, खिडकीतून एकाच बाजूनं येणारा उजेड. माती आणि अंग यांच्या रंगात फरक फार थोडा. एन्कोडरला बिट कमी पडले की तो आधी असेच लहान फरक टाकून देतो. तासगावच्या माणसानं "पैलवान कुठला न् माती कुठली" म्हटलं होतं ते शब्दशः खरं होतं. दहा सेकंदांत पहिले सहा सेकंद पकड, जवळजवळ स्तब्ध, आणि मग धोबीपछाड. मला हा क्रम मुद्दाम हवा होता, कारण संथपणातून अचानक उसळणारी हालचाल हीच आमची खरी अडचण. वस्तादांनी पोरांना सांगून तो डाव अकरा वेळा करून दाखवला. शेवटचा घेतला. दोन्ही पोरं त्या तालमीबाहेर फारशी कुणाला माहीत नाहीत, त्यामुळं आवडत्या पैलवानाला जादा गुण पडायचाही प्रश्न नव्हता.

गुलालासाठी तशी अडचण होती, कारण गुलाल उधळतात तिथं देव असतो, किंवा निवडून आलेला माणूस असतो. आम्ही शेवटी विजयी बैलजोडीच्या मिरवणुकीतले हलगीवाले घेतले: हात, हलगी, आणि वर उडालेला गुलालाचा ढग. चेहरा स्पष्ट ओळखू येईल असा एकही नाही.

बैलगाडा शर्यतीचा तुकडा मला फार आवडला होता. धूळ, धावणारी जोडी, वेगानं वळणारा कॅमेरा. पण मध्येच कॅमेऱ्याला धक्का बसला होता, आणि मूळ क्लिपच बघताना डोळा त्या धक्क्यावर जात होता. दोन दिवस वाद घालून तो सोडला. सगळ्यांना आवडलेलं दृश्य टाकायला मन धजत नाही, याचा अनुभव तेव्हा परत आला.

पट्टीचं दृश्य मात्र माझ्या मनात सुरुवातीपासून पक्कं होतं. हळद, बेदाणा, गूळ यांचे भाव दाखवत चित्राच्या तळाशी सरकत जाणारी पट्टी. जगभरात वापरल्या जाणाऱ्या चाचणी-दृश्यांत अक्षरं असतात, पण मी पाहिलेल्यांत देवनागरी कुठं नव्हती. आपली शिरोरेखा ही लांब आडवी रेघ, ती सरकली की तिच्याखाली करड्या सावल्या पडतात. आणि अनुस्वार! दोन-चार पिक्सेलांचा तो ठिपका. सगळ्यांत खालच्या सेटिंगवर मी क्लिप थांबवून बघितली तर 'शेंगदाणा'चा 'शेगदाणा' झाला होता आणि 'क्विंटल'चा 'क्विटल'. भाव बघायला बसलेल्या शेतकऱ्याला चित्राचा दर्जा म्हणजे हाच ठिपका.

बाकीची पटकन सांगते. रंगमंचाचं उजळणं, एका नाट्यगटाच्या तालमीतून. हळदीच्या ढिगाचं जवळचं दृश्य, ज्यात गर्द पिवळा रंग आणि कणीदार पोत दोन्ही येतात. एक बोलणारा चेहरा, कारण सोपं दृश्यही एक लागतंच. सगळी अवघड घेतली तर गुण तळाला चिकटतील आणि पहिल्यासारखीच फसगत होईल, फक्त उलट्या बाजूनं. रात्रीच्या मैदानाचं दूरचं दृश्य, थोडा दाणा असलेलं. या दाण्यावर बरीच चर्चा झाली. दाणा म्हणजे दोष, की आमच्या रात्रीच्या कामाचं खरं रूप? मूळ क्लिपला माणसं सहज चार देतील इतपतच दाणा ठेवायचा, असं ठरवून घेतलं.

आठवं दृश्य बाहेरचं. स्वीडिश टेलिव्हिजननं 2006 साली चाचणीसाठी खुला केलेला संच आहे, 65 मिलिमीटर फिल्मवर टिपलेला, सेकंदाला 50 फ्रेम. त्यातलं धावणाऱ्यांच्या गर्दीचं 'क्राउड रन' घेतलं. जगात इतर ठिकाणी याच दृश्यावर इतक्या चाचण्या झाल्या आहेत की आमचे गुण भलतीकडं जात असतील तर इथं लगेच कळेल. पण असं एकच. नेहमीच्या दृश्यांवर एन्कोडर घासूनपुसून तयार झालेले असतात, आणि आमच्या प्रेक्षकांपुढं धावणारे स्वीडिश लोक कधी येणार नाहीत.

प्रत्येक क्लिप कुठं सुरू होते आणि कुठं संपते यावरही एक दिवस गेला. बोलणाऱ्याचं वाक्य अर्ध्यात तुटलं की बघणारा पुढचे दोन सेकंद वाक्यच पुरं करत बसतो. डाव पडायच्या आधी क्लिप संपली तर चिडतो. सरावासाठी वेगळी तीन दृश्यं ठेवली, मुख्य आठांतली एकही नाही.

दुसरी चाचणी

आठ दृश्यं, प्रत्येकाचे सहा दर्जे आणि एक मूळ, म्हणजे 56 क्लिपा. दहा सेकंद बघायचं, सहा सेकंदांत गुण द्यायचे, असं धरलं तर पंधरा मिनिटं. माणूस थकायच्या आत संपतं. दृश्यं आठांवर थांबवली ती यासाठीच. पुन्हा 24 माणसं बोलावली. पहिल्या फेरीतल्यांना बोलावलं नाही.

या वेळी गुण पसरले. बोलणारा चेहरा आमच्या खालच्या सेटिंगवरही वर राहिला, पहिल्या चाचणीत सगळं राहिलं होतं तसाच. कुस्ती त्याच सेटिंगवर तळाला गेली. रंगमंच सोप्या कोपऱ्यातला असूनही वाटलं त्याच्या आधी घसरला. भावाच्या पट्टीवर माणसं सरळ दोन गटांत वाटली गेली. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी ती कडक तपासली, बाकीच्यांनी वरच्या चित्राकडं बघून गुण दिले. याची सरासरी काढून काही साधणार नाही, असं माझं मत आहे. म्हणून पट्टीचा प्रश्न आम्ही गुणांवर सोडलाच नाही. अक्षरं मोठी केली, सरकण्याचा वेग कमी केला.

एकच सेटिंग सगळीकडं लावायची हा पहिला विचार सोडून दिला. मुलाखत आणि कीर्तन खालच्या बिटरेटवर जातं, तिथं वाचलेले बिट कुणाला कमी पडत नाहीत. मैदानाला जास्त देतो, आणि नेटवर्क अगदीच कमजोर असेल तिथं चित्र लहान करून पाठवतो. कुस्तीच्या बाबतीत लहान पण अखंड चित्र लोकांनी मोठ्या फुटक्या चित्रापेक्षा पसंत केलं. नाटकासाठी गडद भागाला बिट जास्त मिळावेत अशी एन्कोडरची मांडणी बदलली.

संचात एक जागा अजून मला मोकळी वाटते: वाऱ्यात हलणारा ऊस. कृषी प्रदर्शनांच्या निम्म्या चित्रीकरणात मागं ऊस असतोच. हजारो पाती, प्रत्येकाची दिशा वेगळी, आणि वरून तुऱ्यांची पांढरी लव. याला पुढच्या फ्रेमचा अंदाज कोण बांधणार? पण वारा, तुरे आणि स्वच्छ उजेड तिन्ही एकाच सकाळी जुळून यावे लागतात. दादांनी वाळव्याकडच्या एका शेतकऱ्याला सांगून ठेवलं होतं. काल रात्री त्यांचा निरोप आला: तुरे आलेत, दोन दिवस वारं सुटलंय, सकाळी सातला या, आठनंतर पाण्याची पाळी आहे. रेकॉर्डर चार्जिंगला लावून ठेवला आहे.